तबकातला आवाज

समदृष्टी हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. दोन भांडणाऱ्यांशी सारखेच गोड बोलणारा मनुष्य दिसला, की त्याला समदृष्टीचा म्हणून मोकळे होतो. परंतु गोड बोलणे हा जिभेचा गुण, आणि समदृष्टी हा डोळ्यांचा. ती दुर्मीळ असण्याचे कारणही डोळ्यांतच आहे. जे आपण जन्मापासून घरात पाहत आलो, ते कालांतराने दिसेनासे होते. दुधावर साय धरावी तशी परिचयाची साय दृष्टीवर धरते. परिचयाचा दोष आपल्या पंक्तीला पाटावर बसून जेवतो आणि आपण त्याला वाढत राहतो. अपरिचित दोष दारात उभा राहिला, तर मात्र आपण काठी शोधू लागतो. दोघांना एकाच पारड्यात घालण्यापूर्वी ते पारडे सरळ आहे की नाही हे ज्याला पाहावेसे वाटते, तो मनुष्य लाखात एखादा. असा एक मनुष्य या बंगळूर नगरीत, जयनगरच्या एका शांत रस्त्यावर, माझा शेजारी म्हणून नांदला हे मी माझे भाग्य समजतो.

त्यांचे नाव भगवंतराव. मूळचे मिरजेकडचे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तरुणपणी येथल्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचा विभाग होता मापन-परीक्षणाचा. कारखान्यात जी उपकरणे वस्तूंची मापे घेतात, त्या उपकरणांचीच मापे हा विभाग घेत असे. ते काम करण्याची खोली बारमाही एकाच तापमानात ठेवलेली. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून माणसे दाराशी पादत्राणे बदलून आत जात. तेथे शिकवला जाणारा पहिला धडा एकच होता. कोणतीही वस्तू मोजायला घेण्यापूर्वी उपकरणाचे जबडे रिकामेच मिटवून पाहायचे. काटा शून्यावर आला तर पुढे जायचे. न आला तर आधी तो दोष काढायचा. नव्या मुलांना भगवंतराव एवढेच सांगत, “आधी शून्य पाहा.”

ही सवय त्यांच्याबरोबर घरी आली आणि बाजारातही हिंडली. भाजीवालीच्या तराजूची रिकामी पारडी ते आधी डोळ्यांसमोर स्थिर होऊ देत, मगच वांगी घालू देत. ती बाई त्यांना ओळखून होती. ते दिसले की आपणच पारडी मोकळी करून, “रायरे, नोडी, नम्म तक्कडी सरी इदे,” असे म्हणे. रावसाहेब, आमची तागडी बरोबर आहे, बघून घ्या, असा तिचा टोमणा असे. भगवंतराव गंभीरपणे बघून घेत आणि मग हसत.

एवढ्या चोख मनुष्याचा एक काटा मात्र जन्मभर चुकीच्या जागी राहिला. धुळीच्या कणालाही मज्जाव असलेल्या त्या खोलीतून दर तासाला बाहेर पडून ते कारखान्यामागच्या विलायती शिरीषाखाली उभे राहत आणि आपल्या फुफ्फुसांत धूर भरून घेत. त्या झाडाखाली सगळा विभागच जमे. बढत्या, बदल्या, मुलींची स्थळे, सगळ्यांचा विचार तेथे सिगारेटीच्या साक्षीने होई. पाहुणा आला की त्याच्यापुढे पाकीट धरणे हे सभ्यतेचे लक्षण होते. त्या काळी त्यांचा आवाज मोठा भरदार होता. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ध्वनिक्षेपकावरून निवेदन त्यांचेच असे, आणि ते बोलू लागले की मांडवामागे पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे हातही क्षणभर थांबत. एका वर्षी घसा बसला तेव्हा सर्वांनी त्याचा दोष उत्सवाला दिला. उत्सव सरून दिवाळी आली तरी आवाज परतला नाही. मग तपासण्या झाल्या आणि वैद्यांनी सांगितले, की प्राण राखायचे असतील तर स्वरयंत्र काढावे लागेल.

ते काढले गेले. गळ्याच्या मुळाशी श्वासासाठी एक छिद्र राहिले आणि हातात आले एक यंत्र. पुरुषाच्या मुठीत मावेल एवढे ते नळकांडे गळ्याच्या मऊ जागी टेकवून कळ दाबली की ते गुणगुणते, आणि त्या गुणगुणण्यालाच ओठांनी व जिभेने शब्दांचा आकार द्यावा लागतो. घरात त्याला सगळे नुसते ‘मशीन’ म्हणत. त्या आवाजाला चढ नसतो, उतार नसतो. ओरडता येत नाही, कुजबुजता तर मुळीच येत नाही. लग्नाच्या पंक्तीत श्रीखंड आंबट झाल्याचे त्यांनी पत्नीला हळूच सांगू पाहिले आणि ते मुलीच्या बापापर्यंत पोहोचले, हा प्रसंग आमच्याकडे अजून सांगितला जातो. त्यांच्या पत्नी प्रेमाताई शाळेत शिक्षिका होत्या. त्या गळ्यावरच्या छिद्रासाठी मऊ सुती पट्ट्या शिवीत आणि येणाऱ्याजाणाऱ्यास म्हणत, “चाळीस वर्षं धूर गिळला, आता भुंगा पाळलाय.” भुंगा लगेच उत्तर देई, “भुंगा चावत तरी नाही.” गल्लीतली मुले आधी त्या आवाजाला भ्याली, मग त्याच्या मागे लागली, आणि शेवटी त्यांनी भगवंतरावांचे ‘रोबो ताता’ असे नामकरण केले. ताता म्हणजे येथले आजोबा. ही पदवी त्यांना कारखान्याने दिलेल्या मानपत्राहून अधिक आवडे.

यंत्राने त्यांची वाक्ये आखूड केली. पूर्वी ते पल्लेदार बोलत. आता दोन-तीन शब्दांत विषय संपवीत. पण त्यांनी बोलणे टाकले नाही. त्याच रुग्णालयात त्यांना ज्योतिबा भेटले होते. बंगळूरजवळच्या आनेकलच्या एका लहान कारखान्यात काम करणारा, तेथल्याच जुन्या मराठा घराण्यातला हा मनुष्य. विडीने त्याचेही स्वरयंत्र नेले होते. रुग्णालयातून मिळालेले त्याचे यंत्र जुने होते, खरखरत होते. आणि बसमध्ये लोक वळून बघतात म्हणून तो ते खिशातून काढीतच नसे. बायकोशीदेखील खुणांनी बोलत असे. भगवंतराव दर रविवारी आनेकलला जाऊन त्याला बोलायला शिकवू लागले. धडे भगवंतरावांच्या यंत्रावर चालत. एकाने बोलायचे, यंत्र पुसून दुसऱ्याच्या हाती द्यायचे, आणि त्याने उत्तर द्यायचे. त्यामुळे त्या दोघांच्या संभाषणात कोणी कोणाला मध्येच तोडणे अशक्यच होते. प्रेमाताई म्हणत, की विधानसभेतही असे एकच मशीन ठेवावे.

आनेकलपर्यंत त्यांना स्कूटरवर नेत असे शुभंकर. हा नागपूरचा तरुण महादेवपुऱ्यातल्या एका संगणक कंपनीत नोकरीला होता आणि जयनगरातल्या आमच्या मंडळाच्या वसतिगृहात राहत होता. मेट्रोने दूरवर जाणे-येणे त्याला पत्करले, ते कृष्णातच्या हातच्या झुणक्यासाठी, असे तो सांगे. कृष्णात हा वसतिगृहाचा व्यवस्थापक आणि आचारी, कोल्हापूरकडचा. शुभंकर भगवंतरावांना ‘काकाजी’ म्हणे. त्यांच्या यंत्राची बॅटरी तोच बदली, आणि रविवारी धडा चालू असता अंगणात बसून ज्योतिबांच्या नातवंडांना मोबाइलवर चित्रे काढून दाखवी.

एका पावसाळ्यानंतर भगवंतरावांना त्याच्यात फरक दिसू लागला. स्कूटर चालवताना तो सारखा आरशात पाही, मागून कोणी येत आहे की काय म्हणून. त्याने खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटवले होते. शेजारच्या खोलीतली मुले आपल्याविषयीच बोलतात, असे तो एकदा म्हणून गेला. भगवंतरावांनी आपली काळजी मला सांगितली होती. परंतु तिचा उगम कोठे आहे हे दोघांच्याही ध्यानी आले नव्हते.

ते कृष्णातच्या ध्यानी आले. गादी उन्हात घालायला गेला असता त्याला उशीखाली गांज्याची पुडी सापडली. काय करावे हे न सुचून त्याने ती स्वयंपाकघरात दगडफुलाच्या डब्यात ठेवली आणि मंडळाच्या अध्यक्षांना कळवले. तेवढ्या दिवसांपुरता, कायद्याच्या दृष्टीने, पुडी बाळगणारा गुन्हेगार बिचारा कृष्णातच झाला होता. हे पुढे त्याला कोणी तरी सांगितले तेव्हा त्याने तो डबाच टाकून दिला.

वसतिगृहाचा नियम स्पष्ट होता. आवारात तंबाखू वा धूम्रपान आढळल्यास दंड. गांजा वा तत्सम पदार्थ आढळल्यास तत्काळ पोलिसांच्या स्वाधीन. हा नियम भगवंतरावांनीच लिहिला होता. कार्यकारिणीने काम सोपवले तेव्हा त्यांनी अभियंत्याच्या रीतीने देशाचे दोन्ही कायदे एका तक्त्यात समोरासमोर मांडले होते. तंबाखूच्या कायद्यात पाकिटावर चित्र छापावे, शाळेजवळ विकू नये, सार्वजनिक जागी ओढल्यास दोनशे रुपये भरावेत, अशी कलमे होती. अलीकडे आपल्या राज्याने हा दंड हजारावर आणि खरेदीचे वय एकवीसवर नेले, ते नंतरचे. गांज्याच्या कायद्यात थोडक्या पुडीलाही वर्षभराचा कारावास होऊ शकत होता. भगवंतरावांनी दोहोंतले अंतर जसेच्या तसे आमच्या नियमात उतरवले, आणि आम्ही सर्वांनी माना डोलावल्या.

आता त्या नियमाच्या टोकाशी शुभंकर उभा होता. पोलिसांत नोंद झाली की नोकरी जाणार, हे निश्चित. नवी कुठली कंपनीही ती नोंद पाहिल्यावर दार उघडणार नाही. आणि त्याच्या मनाची जी अवस्था झाली होती, ती पाहता कोठडीतल्या दोन रात्रीही त्याला कोठे नेऊन सोडतील, याची भगवंतरावांना धास्ती वाटत होती. सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याला घरी बोलावले. मुलगा खाली मान घालून बसला. झोप लागत नव्हती, ऑफिसचे काम संपत नव्हते, कोणी तरी म्हणाले याने झोप येते, असे त्याने सांगितले, आणि मग म्हणाला, “काकाजी, मी क्रिमिनल नाहीये. हे तर नॅचरल आहे. सिगरेटपेक्षा सेफ आहे, सगळे म्हणतात.”

भगवंतरावांनी यंत्र गळ्याला लावले. “खिडकीला कागद कोणी लावला?”

शुभंकरने मान वर केली. मग त्याने विचारले, की यातून बाहेर पडता येते का. प्रेमाताई त्याच्यापुढे चहा ठेवीत म्हणाल्या, “यांना विचार. यांना आत-बाहेर दोन्ही ठाऊक आहे.”

सभा रविवारी सकाळी वसतिगृहाच्या दिवाणखान्यात भरली. अध्यक्ष नागोजीराव हे बंगळूरच्या जुन्या पेठेतले. त्यांच्या घराण्याला येथे किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नेमके सांगता येत नसे. मराठी त्यांच्या घरात टिकून होती, पण तिच्यात कन्नड शब्द भातात तूप मुरावे तसे मुरले होते. मंडळाचे चांदीचे तबक त्यांच्याच घराण्याने दिलेले. सभेच्या आरंभी ते फिरवायचे, ही आमची जुनी चाल. तबकात विड्याची पाने, सुपारी, लवंगा, चुन्याची डबी, आणि मधोमध नक्षीची दुसरी डबी, तंबाखूची. प्रत्येकाने काही तरी उचलायचेच. न उचलणे म्हणजे अध्यक्षांचा अव्हेर. शस्त्रक्रियेनंतर भगवंतराव एक लवंग उचलीत आणि प्रेमाताईंसाठी खिशात ठेवीत.

त्या दिवशीही तबक फिरले. कृष्णातने घडले ते सांगितले. नागोजीरावांनी डावा तळहात पुढे करून त्यावर तंबाखू घेतली, चुना लावला, आणि अंगठ्याने मळता मळता बोलू लागले. मुलगा चांगल्या घरातला आहे, वाईट सर्वांनाच वाटते. पण नियम म्हणजे नियम, आणि तो भगवंतरावांनीच लिहिलेला. विश्वेश्वर नावाचे आमचे एक सदस्य वकिलांशी बोलून आले होते. आपल्या वास्तूत असे चालू दिले तर कायदा मंडळालाही धरू शकतो, हे त्यांनी सांगितले, आणि ते खरेच होते. सभेचा कल उघड दिसत होता. नागोजीरावांना मात्र बोलण्याच्या ओघात जुनी आठवण झाली. त्यांच्या आज्यांच्या काळी पेठेत सरकारी परवान्याचे गांज्याचे दुकान होते म्हणे, आणि संध्याकाळी गोसावी तेथे ओळ धरून उभे राहत.

“मग तेव्हा चालत होतं?” भगवंतरावांनी विचारले.

“तेव्हा कायदा नव्हता, आता आहे. अष्टे.” विषय संपला, अशा अर्थाने नागोजीरावांनी अंगठा उचलला आणि तळहातावर दोन थापट्या मारल्या.

“आणि तंबाखूला?”

“तंबाखूलाही आहे की. पुडीवर केवढं ते चित्र छापतात, सडक्या गळ्याचं. सकाळी सकाळी बघवत नाही. म्हणून तर मी घरीच पुडी फोडून या चांदीच्या डबीत भरून आणतो.”

एक-दोघे हसले. मग हसणे मध्येच थांबले. कारण सर्वांची दृष्टी एकाच वेळी भगवंतरावांच्या गळ्यावरच्या पांढऱ्या पट्टीकडे गेली होती. नागोजीरावांचीही.

भगवंतराव आपल्या त्या सपाट, चढ-उतार नसलेल्या आवाजात बोलू लागले. त्यांचे बोलणे मला जसे आठवते तसे लिहितो. “आधी शून्य पाहू. नियम मी लिहिला, चूक माझी. एकाला दंड, दुसऱ्याला तुरुंग. मला वाटलं, अपायही त्याच मापाचे असतील. कोष्टक वाचलं, माप तपासलं नाही. आपल्या देशात तंबाखू वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं नेते. तिला आपण दुकान दिलं, कर घेतला, तबकात बसवली. गांज्याला तुरुंग दिला. त्याच झाडाच्या पानांची भांग कायद्याबाहेर ठेवली, शेंड्यांना कायदा लावला. गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. या मुलाचं मन त्यानं पोखरलं आहे, मी पाहिलं आहे. पण आजाऱ्याला दुकान नको असतं आणि तुरुंगही नको असतो. दवाखाना हवा असतो. तो दोघांनाही मिळत नाही.”

एवढे बोलून ते वाकले. हातातले यंत्र त्यांनी तबकात, तंबाखूच्या डबीशेजारी ठेवले, आणि तबक हळूच नागोजीरावांच्या पुढे सरकवले.

आता ते काहीच बोलू शकत नव्हते. बाहेर कृष्णातच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा आम्ही दचकलो. त्या लखलखत्या तबकात दोन वस्तू शेजारी शेजारी होत्या, आणि एकीने दुसरीला जन्म दिला होता. चाल अशी, की पुढे आलेल्या तबकातून काही उचलल्यावाचून ते परत करता येत नाही. नागोजीरावांच्या तळहातावर मळलेली तंबाखू तशीच होती. ती तोंडात टाकावी तरी पंचाईत, खाली टाकावी तरी पंचाईत. शेवटी त्यांनी ती आपल्या रुमालात बांधली, हात धोतराला पुसला, यंत्र उचलले, आणि दोन्ही हातांनी भगवंतरावांना परत दिले.

“घ्या,” ते म्हणाले. “तुमच्याशिवाय सभा पुढं जात नाही. काय करायचं ते स्वल्प नीट सांगा.”

भगवंतरावांनी सांगितले. गांज्याच्या त्याच कडक कायद्यात एक दयाळू कलमही आहे. थोडक्या पुडीसाठी वा सेवनासाठी सापडलेला व्यसनी मनुष्य आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार मागत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. ते कलम नियम लिहिताना त्यांनी वगळले होते, कारण तंबाखूच्या बाजूला त्याच्याशी जुळणारे काही नव्हते आणि तक्त्याच्या दोन बाजू सारख्या दिसाव्यात असे त्यांना वाटले होते. शुभंकरला ते दुसऱ्या दिवशी स्वतः उपचाराला नेणार होते. विश्वेश्वरांचा आक्षेप त्यांनी पूर्ण मान्य केला: पुडी आजच नष्ट व्हावी, आणि पुन्हा वास्तूत काही सापडले तर शुभंकरने खोली सोडावी. नवा नियम दोन्ही व्यसनांसाठी एकच व्हावा. जो उपचार घेईल त्याचे स्थान वसतिगृहात अबाधित राहावे. विश्वेश्वरांनी तरीही विरोध नोंदवला. बाकीच्यांनी हात वर केले. सर्वांत शेवटी, सावकाश, नागोजीरावांचा हात वर गेला.

ही वार्ता पसरली तेव्हा वसतिगृहातली काही मुले भगवंतरावांचे अभिनंदन करायला आली. परदेशात गांजा दुकानात मिळतो, इकडेही उघडी विक्री व्हायला हवी, हा त्यांचा उत्साह. काकांसारखा माणूस आपल्या बाजूचा निघाला याचा त्यांना आनंद झाला होता. भगवंतरावांनी सगळे ऐकून घेतले आणि यंत्र गळ्याला लावून म्हणाले, “उघड्या विक्रीचा मला अनुभव आहे.” मुले चहा पिऊन परतली.

सोमवारी ते शुभंकरबरोबर सरकारी मानसोपचार रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात गेले. तेथले एक चित्र त्यांनी मला आवर्जून सांगितले होते. बाहेर एकच लांब बाकडे होते आणि त्यावर सगळे खेटून बसले होते: दारूवाले, गांजावाले, आणि गुटख्याने तोंड उघडेनासा झालेला एक रिक्षावाला. ज्यांना कायद्याने इतक्या दूर दूर बसवले होते, ती माणसे तेथे एकमेकांना जागा करून देत होती. शुभंकरचा उपचार बरेच महिने चालला. मध्ये एकदा तो घसरला. तो आपण होऊन येऊन सांगून गेला, आणि भगवंतराव पुन्हा त्याच्याबरोबर त्या बाकड्यावर जाऊन बसले. पुढे त्याने खिडकीवरचा कागद काढला. त्याची नोकरी राहिली. आनेकलच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि आता तो आरशात पाही तो ट्रक चुकवण्यापुरता.

नागोजीरावांची तंबाखू पूर्ण सुटली असे लिहिणे सत्याला सोडून होईल. त्यांनी प्रयत्न केला, च्युइंगगम चघळून पाहिले, ते धोतराला चिकटले म्हणून रागावले, आणि पुष्कळ कमी केले. पण चांदीच्या डबीत पुन्हा तंबाखू भरली नाही. घरी खायची झाली तर पुडीतूनच खात, चित्राकडे पाहत. भगवंतराव भेटले की म्हणत, “रायरे, तुमचा फोटो रोज बघतो.” भगवंतराव यंत्र न लावताच हसत. त्या हसण्याला आवाज नसे. फक्त गळ्यावरची पट्टी थरथरे.

गेल्या हिवाळ्यात छातीत कफ होऊन भगवंतराव गेले. शेवटचे काही दिवस यंत्र धरण्याइतकी शक्ती हातात नव्हती. तेव्हा शुभंकर ते त्यांच्या गळ्याशी धरून बसे. स्मशानातून परतल्यावर प्रेमाताईंनी ते धुऊन-पुसून, स्वतः शिवलेल्या पट्टीत गुंडाळून त्याच्याच हाती आनेकलला पाठवले.

मंडळाच्या सभा अजून भरतात आणि आरंभी तबक फिरते. नक्षीच्या डबीत आता बडीशेप असते. भिंतीवर एक नियम टांगलेला आहे, तंबाखू आणि गांजा या दोहोंसाठी एकच. आणि यंत्र ज्योतिबांकडे आहे. आनेकलहून शहरात येणाऱ्या बसमध्ये ज्योतिबा आता ते खिशातून काढतात, गळ्याला लावतात, आणि वाहकाकडे तिकीट मागतात.